घेतलेले आणि न घेतलेले

सरांच्या लेखी देवासमध्ये दोनच प्रकारची माणसं राहत होती. घेतलेली आणि न घेतलेली. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात ते भरतीचे अधिकारी होते आणि निवृत्त होईपर्यंत प्रत्येक मुलाखतीत मधल्या खुर्चीवर तेच बसत आले. त्यामुळे अर्ध्या गावाला त्यांनी नोकरीवर घेतलेलं होतं आणि उरलेल्या अर्ध्याला घेतलेलं नव्हतं. टेकडीखालच्या बाजारातून त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे धरणीनं पोटात घ्यावं असं व्हायचं. "हा घेतलेला," ते हात लांब करून दाखवत. "तो पलीकडचा, औषधांच्या दुकानातला, तो न घेतलेला. बघ कसं बाळसं धरलंय." आवाज खाली आणणं हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. दुकानदार गल्ल्यावरूनच हात जोडून ओरडायचा, "साहब, आपने नहीं लिया, भगवान आपका भला करे!" सरही हात जोडायचे आणि मला सांगायचे, "न घेतलेले सगळे सुखात असतात. घेतलेल्यांच्या कमरा गेल्या."

माझी मावशी न घेतलेल्यांपैकी. लग्नाआधी ती धारहून त्यांच्या कारखान्यात क्लार्कच्या जागेसाठी मुलाखतीला आली होती. तेव्हा तिला घेतलं नाही, आणि नंतर नशिबानं सासर मिळालं ते देवासातच, सरांच्या गल्लीत. आपल्याला का घेतलं नाही हे तिनं त्यांना कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही. दर दिवाळीला मात्र ती त्यांच्याकडे चिरोट्यांचा डबा पाठवायची. चिरोटे फार सुरेख व्हायचे तिचे. "खाऊ देत आणि पस्तावू देत," असं म्हणायची.

मला त्यांच्यापुढे नेऊन उभं केलं ते मावशीनंच. दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेचं मला मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. आदल्या वर्षीही असंच एक बोलावणं आलं होतं आणि तिथं माझी दातखीळ बसली होती. स्वतःबद्दल सांगा म्हणाले. मी पाठ केलेलं इंग्रजी धडाधड म्हणत गेले, मध्येच एक शब्द आठवेना, आणि मग पुढचं काहीच आठवेना. समोरची माणसं वाट बघत राहिली, मी टेबलावरच्या फुलदाणीकडे बघत राहिले, आणि शेवटी त्यातल्या एकांनी फार सौम्यपणे "थँक यू" म्हटलं. तो सौम्यपणा मला अजून आठवतो. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं.

या वेळी शेवटची संधी होती. आमचे नाना, म्हणजे माझे वडील, धारच्या एका शाळेचे हेडमास्तर. माणूस देवासारखा, कधी आवाज चढवला नाही. पण त्यांचं एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते: "शाळा आहेच." दहावीत कमी गुण पडले, शाळा आहेच. बदनावर गावातल्या नोकरीत मन रमत नाही, शाळा आहेच. आता ते म्हणाले होते, "अजून एकदा देऊन बघ. नाहीतर जुलैपासून शाळा आहेच." त्यांना वाटायचं, मास्तरकी तयार आहे म्हणत आपण पोरीला धीर देतोय. मी तिथून उठून जायचे.

तर मावशीनं मला धारहून आपल्याकडे राहायला आणलं, सरांच्या ओसरीवर उभं केलं आणि पदर खोचून सांगितलं, "मला नाही घेतलंत. आता हिला कोणी घेईल असं करून द्या." सर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "दार वाजवून आत या." मी म्हटलं, दार तर उघडंच आहे. "मग उघडं दार वाजवा." मी वाजवलं. आत गेले तेवढ्यात ते मागच्या खोलीत जाऊन कोट घालून, टाय बांधून परत आले. खाली पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा तसाच. "पॅनेल टेबलामागे बसतं," ते म्हणाले, "कमरेखाली कोणी बघत नाही."

कोट अंगावर असेपर्यंत मी 'उमेदवार' आणि 'आपण'. त्यांना मी 'सर' म्हणायचं. कोट उतरला की मी 'अगं पोरी' आणि ते 'काका'. एकदा चुकून कोटात असताना काका म्हटलं तर म्हणाले, "पॅनेलमध्ये कोणी कोणाचा काका नसतो. असला तर ती भरती रद्द होते." पुढं मला कोटाशिवायही सरच तोंडात बसलं.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा जगावेगळी. समोर रतलामी शेवेचा डबा असायचा. माझं उत्तर खोटं, पाठ केलेलं किंवा नुसतंच गोड वाटलं की ते शेव खायला लागायचे. कुर्रम कुर्रम. मी बोलतेय, ते खातायत. उत्तरात काही जीव असला की घास हातातच थांबायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी डबाच्या डबा संपवला. मी रडकुंडीला आले तर म्हणाले, "मी निदान आवाज करून खातो. ते मनातल्या मनात खातात."

माझं सगळं यूट्यूबवरून आलेलं होतं. 'स्वतःच्या उणिवा कोणत्या' या प्रश्नाला 'मी फार मेहनत करते' असं सांगायचं असतं हे मला तिथंच कळलं होतं. ते ऐकल्यावर सरांनी डबा उचलून थेट तोंडालाच लावला.

मग त्यांनी फर्मान काढलं की आधी प्रत्येक उत्तर मराठीत. "जे मराठीत सांगता येत नाही ते आपल्याला कळलेलं नसतं. इंग्रजीत न कळलेलं पण सांगता येतं, म्हणून ती भाषा मुलाखतीला सोयीची." इथं खरी पंचाईत झाली, कारण माझी मराठी धारची. घरात आरत्या आणि सणवार जुन्या वळणाच्या मराठीत, शाळा सगळी हिंदीत, मैत्रिणींशी बोलणं अर्धं माळवीत. सर मूळचे सातारकडचे. उभं आयुष्य माळव्यात काढून त्यांनी आपली मराठी लोणच्यासारखी बरणीत घट्ट बंद ठेवलेली. मी विचारलं, "सर, ही खुर्ची खाली आहे का?" की ते म्हणत, "खालीच असते खुर्ची. आम्ही वर टांगत नाही." सोबतीला भाजी घेऊन ओसरीवर बसलेली मावशी म्हणाली, "अगं, साहेब आज बाजारात मिळाले होते," तर आतून आवाज यायचा, "मी हरवलोच कधी होतो मिळायला?" मावशी मुकाट्यानं भाजी निवडत बसायची आणि घरी आल्यावर म्हणायची, "म्हणूनच घेतलं नसणार मला."

एके दिवशी त्यांनी विचारलं, "उमेदवार, व्यवस्थापन शिकून आपण काय करणार?" याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मोठं उदात्त उत्तर. यूट्यूबवरच्या बाईंनी सांगितलं होतं की समाजाचं काहीतरी असावं. मी ताठ बसून, आवाजात कळकळ आणून म्हणाले, "सर, मला धारच्या मुलींना शिक्षा द्यायची आहे."

सरांचा शेवेचा घास अर्ध्यातच थांबला. "काय अपराध केलाय त्यांनी?"

मला आधी कळेचना. मी म्हटलं, "अपराध नाही सर, त्यांना शिक्षा मिळत नाही म्हणून तर..." आणि सर हसायला लागले. शेव घशात अडकली, डोळ्यांतून पाणी आलं, मावशी ओसरीवरून धावत आली, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं श्वास सापडल्यावर त्यांनी चक्क कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला अडकवला.

"अगं पोरी," ते म्हणाले, "मी इथं नवा आलो तेव्हा कामगार उशिरा यायचे. मला हिंदी कुठली यायला. मी फाटकावर उभा राहून दरडावून सांगितलं, कल से जो देर से आएगा, उसको शिक्षा मिलेगी! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं काय धाक बसलाय माझा. दुसऱ्या दिवशी निम्मे लोक मुद्दाम उशिरा आले. एक जण तर पाटी घेऊन. म्हणे, साहब, क्लास कहाँ लगेगी?"

मी इतकी हसले की मला बोलवेना. मावशी तर खालीच बसली. असं पोट धरून हसणं त्या घरात त्यापूर्वी कधी झालं असेल असं वाटत नाही. सर एकटे राहत. बायको लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. हसू ओसरलं तशी त्यांनी तीच नजर लावली, चष्म्यावरून.

"आता कोट नाहीये. खरं सांग. धारच्या मुलींना तुला काही द्यायचंय का?"

"नाही," मी म्हटलं. आणि मग जे बाहेर पडलं ते मलाही नवीन होतं. "मला कोणाला काही द्यायचं नाहीये. मला धारमध्ये राहायचं नाहीये, बस. नाना म्हणतात शाळा आहेच. ती खुर्ची आहेच, तो तास आहेच, मी कोणाची मुलगी ते सगळ्यांना माहीत आहेच. माझ्या आधीच सगळं आहेच. मी नसले तरी चालेल इतकं सगळं आहेच."

त्यांनी डब्याला हात लावला नाही. "हे कुठून निघायचं ते झालं. जायचं कुठं?"

"माहीत नाही."

"कधी तुला एखादं काम करताना भूक लागलेली कळली नाही, असं झालंय?"

मला बदनावर आठवलं. तिथं एका सोयाबीनच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी वर्षभर नोकरी केली होती. हंगामात त्याच्या गोदामाबाहेर ट्रॉल्यांची ओळ लागायची ती थेट रस्त्यापर्यंत. शेतकरी सकाळी यायचे आणि अंधार पडला तरी त्यांचा नंबर लागायचा नाही. मी दोन दिवस नुसती बघत उभी राहिले. माल वजनाच्या काट्यावर चढला की मग तिथं त्याचा ओलावा तपासायचे, वाद व्हायचा आणि काटा अडून बसायचा. मी म्हटलं, ओलावा आधीच तपासा ना, ओळीत उभे असतानाच. वाद काय घालायचा तो तिथंच घाला. काट्यावर नुसतं वजन. शेठ म्हणाला, देखते हैं. त्याच दुपारी ओळ हलायला लागली. मी छपरावर चढून बघत होते. हा सगळा प्रकार त्याच्या भाच्यानं केला असं शेठनं नंतर सगळ्यांना सांगितलं, त्याचा मला राग आला. पण ओळ हलली तेव्हा काय वाटलं होतं ते मी सरांना सांगायला लागले आणि मला रडूच आलं. "मला परत ओळ हललेली बघायचीय," मी म्हटलं.

"हे तू आजपर्यंत का बोलली नाहीस?"

"बदनावरचं आहे म्हणून. सोयाबीन काय सांगायचं तिथं?"

सरांनी शेवेच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "हेच सांगायचं. आणि ऐक, शब्द अडला तर मोठ्या शब्दाची वाट बघत बसू नकोस. साधा घे आणि पुढं हो."

मुलाखत इंदूरच्या एका हॉटेलात होती. सर म्हणाले, मीही येतो. मावशी म्हणाली, कशाला या वयात दगदग. तरी ते सकाळी बसस्टँडवर माझ्या आधी हजर. या वेळी कोटाखाली पँट होती. हॉटेलच्या दारातल्या शिपायानं त्यांना बघून सलाम ठोकला आणि बाहेर वाट बघत बसलेली सगळी मुलं उठून उभी राहिली. पॅनेलच आलं असं वाटलं त्यांना. सरांनी हातानं बसा बसा केलं आणि भिंतीजवळच्या एका रांगेत जाऊन बसले.

आत तिघं होते, दोन गृहस्थ आणि एक बाई. का शिकायचंय, त्यांनी विचारलं. मी ट्रॉल्यांची ओळ सांगायला सुरुवात केली. चांगलं चाललं होतं. आणि ऐन ठिकाणी, काट्यापाशी, 'ओलावा' या शब्दाला इंग्रजी सापडेना. तोच क्षण. तेच टेबल, तशीच फुलदाणी. एकांनी पेन खाली ठेवलं, आणि आता ते सौम्य "थँक यू" येणार हे मला स्पष्ट दिसलं.

"वेट, सर," मी म्हटलं. "सोयाबीन इज वेट." ओलं, एवढंच.

मधले गृहस्थ हसले. "यस, यस, मॉइश्चर. देन?" आणि मी पुढं निघाले. भाच्याचं ऐकल्यावर बाई म्हणाल्या, तुम्हाला राग नाही आला? मी म्हटलं, खूप आला, अजून आहे. तिघंही हसले. मग त्यांनी मला माझ्याच ओळीबद्दल इतकं खोदून विचारलं की मी विसरूनच गेले मी कुठं आहे ते.

दार लोटून बाहेर आले तर सर जागेवर नव्हते. मुलांच्या घोळक्यात मध्यभागी बसले होते, कोट काढून. शेवेचा डबा हातोहात फिरत होता. एकाचा टाय ते नीट करून देत होते. हॉटेलच्या माणसाला दरडावून पाण्याचे जग मागवलेले दिसत होते. आणि त्यांच्या शेजारी एक मुलगी बसली होती, पिवळ्या ओढणीची, सोनकच्छची. तिचे वडील बरोबर आले होते. मंडीजवळ त्यांचं खत-बियाण्यांचं दुकान. मुलगी पेल्याला हात न लावता पाठ केलेलं इंग्रजी पुटपुटत होती. सर तिला सांगत होते, "पहले पिताजी को बताओ, अपनी माळवी में. अंग्रेजी बाद में देखेंगे." आणि ती बापाला हळूहळू सांगत होती, बाप मान डोलवत होता.

मी त्यांना बाजूला ओढलं. "सर, हे सगळे माझ्याच जागेसाठी आलेत!"

"माहीत आहे मला." त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. "मी जन्मभर दाराच्या आत बसलो गं. बाहेर असं असतं? आत येईपर्यंत माणूस निम्मा संपलेला असतो, आणि आम्ही त्या उरलेल्या निम्म्याला गुण देत होतो."

तुझं कसं झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. सोनकच्छच्या मुलीला आत बोलावलं तेव्हा ते उठून दारापर्यंत गेले. ती बाहेर आली ती खाली मान घालून, आणि बापाबरोबर निघूनही गेली. तिच्याशी बोलायला ते जिन्यापर्यंत पोचले, पण गुडघ्यांनी साथ दिली नाही.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत होते. देवास आलं, ओळखीचे चेहरे दिसायला लागले, तरी हा घेतलेला, तो न घेतलेला, काही नाही. घरी न जाता ते सरळ मावशीच्या दारात येऊन उभे राहिले.

"त्या दिवशी तुम्हाला किती वेळ बाहेर बसवलं होतं?"

मावशीला कुठला दिवस हे विचारावं लागलं नाही. "दुपारपर्यंत," ती म्हणाली. "घंटे न् घंटे गेले. पाणी पण नव्हतं."

घंटे ऐकूनही त्यांनी तिची मराठी सुधारली नाही. "पाणी ठेवायला हवं होतं," एवढंच म्हणाले, आणि चपला घालून घरी गेले. मावशी दारातच उभी होती. नंतर कितीतरी वेळ ती ओट्याशी उगाच भांडी घासत राहिली, स्वच्छ असलेली.

निकाल लागला तेव्हा मी धारला होते. मला घेतलं होतं. नानांनी आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. मी सरांना फोन लावला. "घेतलं, सर!" "छान, छान," ते म्हणाले आणि पुढच्याच श्वासात, "आणि ती सोनकच्छची?" मला काय ठाऊक. तिचा नंबर घेतला नव्हता, नावही विचारलं नव्हतं. "तिथं गेलीस की बघ," त्यांनी सांगितलं.

मी बघितलं. पहिल्या दिवशी मोठ्या सभागृहात सगळ्यांना एकत्र बसवलं होतं आणि मी प्रत्येक रांग बघून घेतली. कितीतरी मुली होत्या. ती नव्हती. जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन मी त्यांना फोन केला. "सर, ती नाहीये."

"हं," ते म्हणाले. मी थांबले. त्यांनी फोन ठेवला नाही. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि मागे गल्लीतली कुठली तरी गाडी. जन्मभर या माणसानं शेकड्यानं माणसं परत पाठवली होती आणि बाजारात त्यांना हसून हात जोडले होते. ही एक मात्र त्यांना लागली. माझेही डोळे भरून आले, आणि आपल्याला घेतलं याचा आनंद त्या दिवशी मला नीट करता आला नाही.

पुढच्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. "अगं, तुझे सर आज मला बसस्टँडवर मिळाले. सोनकच्छच्या बसमध्ये चढत होते. मी म्हटलं, साहेब, एवढ्या सकाळी कुठं? तर म्हणाले, मंडीजवळ खत-बियाण्यांची दुकानं कितीशी असणार, सापडेल. मला काही कळेना. म्हटलं, पण काम काय? तर म्हणाले, मुलाखत आहे. मी म्हटलं, अहो, रिटायर होऊन जमाना झाला, आता कोणाची मुलाखत घ्यायला चाललात?"

"मग?"

"म्हणाले, घ्यायला नाही. द्यायला."